मराठीत एक, इंग्रजीत दोन

बालमित्रांनो, पूर्णा जंक्शनहून रेल्वेने नांदेडकडे निघालात की वाटेत परभणी जिल्ह्यातले चुडावा स्टेशन लागते. या गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना 'वा'साठी डब्ल्यू घालतात. वर्ध्यालाही डब्ल्यूच. यवतमाळला मात्र व्ही! आपला 'व' एकच, म्हणून गावांच्या नावांत हे चालून जाते. पण इंग्रजी शब्दांत चालत नाही, बरं का! पश्चिम दिशेच्या 'वेस्ट'ला डब्ल्यू लागतो. तिथे चुकून व्ही घातलात, तर अर्थ होतो बनियन. मग तुमच्या निबंधातला सूर्य पश्चिमेला मावळण्याऐवजी बनियनमध्ये मावळतो!

आपल्या पुष्कळ चुकांचे मूळ इथेच आहे. मराठीत एक, तर इंग्रजीत दोन. कुठे कुठे ते पाहू या.

पासून : रजेचा अर्ज लिहिताना हमखास चुकणारा शब्द. 'मी सोमवारपासून आजारी आहे' आणि 'मी तीन दिवसांपासून आजारी आहे', मराठीत दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजीत पहिल्या वाक्याला 'सिन्स' आणि दुसऱ्याला 'फॉर'. खूण सोपी आहे. सुरुवात कधी झाली ते सांगायचे तर सिन्स. किती काळ झाला ते मोजून सांगायचे तर फॉर. 'सिन्स थ्री डेज' लिहिलेत की गुण गेलाच म्हणून समजा.

उसने : मित्राकडून पेन उसने घेतले तर 'बॉरो', मित्राला दिले तर 'लेंड'. या दोघांची अदलाबदल झाली, तर पेन कुणाचे हेच बदलते! आणि मग भांडण ठरलेले.

सावली : उन्हातून येऊन लिंबाखाली बसता ती 'शेड'. तुमच्यासारखीच हुबेहूब आकृती जमिनीवर पडते ती 'शॅडो'.

भाडे : घराचे ते 'रेंट', बसचे किंवा रेल्वेचे ते 'फेअर'.

बोट : हाताचे 'फिंगर', पायाचे 'टो'. ठेच लागून अंगठा सुजला आणि तुम्ही 'फिंगर' म्हणालात, तर डॉक्टर हात पुढे कर म्हणतील!

आता कुणी म्हणेल, मराठी शाळेत शिकतो म्हणूनच आमचे इंग्रजी कच्चे. छे! उलटेही पाहा ना. काका, मामा, मावशीचे यजमान, सगळ्यांना इंग्रजीत एकच 'अंकल'. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत केवढा फरक! एकात समोरचाही बरोबर येतो, दुसऱ्यात तो घरीच राहतो. इंग्रजीत दोन्हीला 'वी'. मराठी शिकणारा इंग्रज मुलगा इथे नक्की अडखळणार. प्रत्येक भाषा आपापल्या जागी बारकावे जपते, इतकेच.

पालकहो, आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीला सुरू व्हायचे. मुले लवकर शिकू लागली, तरी विचार घरच्या भाषेतच करणार. तेव्हा चूक दिसली की रागावू नका. 'हे मराठीत कसं म्हणशील?' एवढेच विचारा. चूक कुठून आली, ते मूलच शोधून काढील.

मुलांनो, वहीच्या शेवटच्या पानावर 'एकाचे दोन' अशी यादी सुरू करा. या आठवड्यासाठी तीन शब्द देतो : घड्याळ, ऐकणे, सांगणे. प्रत्येकाचे दोन इंग्रजी शब्द शोधा आणि एकेक वाक्य लिहा. उत्तरे पुढच्या अंकात. तोवर सूर्याला बनियनमध्ये मावळू देऊ नका हं!