रुग्णाचे गुपित, कचेरीचे गुपित

प्रति,
सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सरकारी रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यावर गोपनीयतेची दोन बंधने एकाच वेळी असतात. त्यांपैकी पहिले रुग्णाच्या खासगी माहितीचे असून ते वैद्यकीय आचारसंहितेतून येते, तर दुसरे शासकीय कागदपत्रांचे असून ते महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधून आणि त्या नियमांच्या पाठीशी असलेल्या 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमातून येते. पहिले बंधन रुग्णाच्या हितासाठी असल्यामुळे ते सैल करण्याचा अधिकारही मुख्यतः रुग्णाचाच असतो. दुसऱ्याच्या बाबतीत तो अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असतो, आणि जेव्हा कर्मचाऱ्याची तक्रार त्या वरिष्ठाविरुद्धच असते, तेव्हा ज्याच्याबद्दल बोलायचे त्याचीच परवानगी घेण्याची पाळी येते.

राज्य शासनाच्या 28 जुलै 2025 च्या परिपत्रकाने समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर टीका करण्यास आणि गोपनीय कागदपत्रे पूर्वपरवानगीशिवाय प्रसृत करण्यास मनाई केली असून कंत्राटी व स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही तिच्या कक्षेत आणले आहेत. केसपेपरचे छायाचित्र गटागटांतून फिरू नये, हे मान्यच आहे. मात्र औषधांचा तुटवडा, रिकामी पदे किंवा बंद पडलेले यंत्र यांविषयी बोलणे हे गुपित फोडणे ठरते की टीका करणे ठरते, की यांपैकी काहीच ठरत नाही, याचे उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला स्वतःच शोधावे लागते, आणि चुकले तर विभागीय चौकशीही तिलाच सोसावी लागते.

या संदिग्धतेची सर्वांत गंभीर बाजू पोलीस प्रकरणांत, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत ‘एमएलसी’त, दिसते. अटक केलेल्या व्यक्तीची वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करावी, अंगावरील जखमांची नोंद करावी आणि अहवालाची प्रत त्या व्यक्तीला किंवा तिने सुचवलेल्या व्यक्तीला द्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 53 सांगते. त्यामुळे हा कागद अटकेतील माणसापासून लपवण्यासाठी नसून त्याच्या संरक्षणासाठी आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत पोलीस कोठडीतील एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळण्यात आला आणि पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला, हे ज्यांना आठवते त्यांना या कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका वैद्यकीय अधिकारी महिलेचा मृत्यू झाला, आणि अशाच तपासणीच्या दाखल्यांवरून पोलिसांकडून दबाव येत असल्याची लेखी तक्रार तिने काही महिने आधी केली होती, असे वृत्त त्यानंतर पुढे आले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील; परंतु अशी तक्रार आरोग्य विभागात कोठे पोचावी, किती दिवसांत तिची दखल घेतली जावी आणि तोवर तक्रारदाराला संरक्षण कोणी द्यावे, हे ठरवणे न्यायालयाचे नव्हे, विभागाचे काम आहे.

वैद्यकीय आचारसंहितेचे 2002 चे विनियम रुग्णाचे गुपित राखण्यास सांगतात, आणि त्याच विनियमांत व्यवसायबंधूंचे भ्रष्ट वा अनैतिक वर्तन कोणाचेही भय वा मुलाहिजा न ठेवता उघड करण्याची अपेक्षाही आहे. ही अपेक्षा पूर्ण करणाऱ्याला आधार देऊ शकणारा जागल्या संरक्षण कायदा 2014 मध्ये संसदेने संमत केला, पण तो अद्याप लागू झालेला नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 चे कलम 22 शासकीय गुपिते अधिनियमावर मात करते खरे, तथापि तो अर्जदार नागरिकाचा हक्क आहे, आपणहून बोलणाऱ्या कर्मचाऱ्याचे कवच नव्हे.

रुग्णाच्या गुपिताचे रक्षण नेमकेपणाने कसे करता येते, हे एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 2017 मध्ये पाहता येते: माहिती कोणाला, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या लेखी संमतीने द्यावयाची हे तेथे स्पष्ट असून तक्रारीसाठी लोकपालाची तरतूदही आहे. 1992 पासून सांगलीत एचआयव्हीच्या प्रश्नावर काम करणारी ‘संग्राम’ ही संस्था आणि तिच्या सोबतीने उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांच्या कार्यक्षेत्रात, एका अहवालावरून माणसाचे घर आणि गाव तुटू शकत असताना, अशा नेमकेपणाची गरज का असते हे उघड आहे. कचेरीच्या कागदांबाबत मात्र हा नेमकेपणा आढळत नाही.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील बरेच तालुके ज्या सातारा जिल्ह्यात तेव्हा मोडत, तेथेच त्यांचे ब्रिटिश सत्तेविरुद्धचे प्रतिसरकार चालले. त्याच नावाच्या इमारतीत ब्रिटिश अमलातील 1923 च्या कायद्याचा धाक टिकून असावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

म्हणून विभागाने स्वतंत्र परिपत्रक काढून रुग्णाची ओळख पटवणारी माहिती कडकपणे संरक्षित करावी. औषधसाठा, रिक्त पदे आणि यंत्रसामग्रीची स्थिती यांना गोपनीयतेतून स्पष्टपणे वगळून ही माहिती दर महिन्याला रुग्णालयाच्या फलकावर लावावी. आणि एमएलसीतील दबावाची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सक व पोलीस या दोहोंना टाळून थेट प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नोंदवता यावी, तसेच अशी नोंद केल्याबद्दल वर्तणूक नियमांखाली कारवाई होणार नाही, असे त्याच परिपत्रकात लिहावे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील नागरिकांच्या वतीने