अर्धे तिकीट

मैत्रिणींनो, १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धे तिकीट झाले. मी आठवड्यातून चार दिवस कोरेगावहून साताऱ्याला शिकवायला जाते, तेव्हा मला त्याचे अप्रूप जरा जास्तच.

परवा गाडीला ही गर्दी! मागून एक गृहस्थ म्हणाले, "अर्ध्या तिकिटात निघाल्या सगळ्या फिरायला. आम्ही पूर्ण पैसे मोजून उभे!" मी आपली खिडकीबाहेर बघत राहिले. शेजारच्या मावशी मात्र वळल्या. "फिराया न्हाई दादा, आईला बघाया चाललेय. आधी वर्साला दोनदा जायची, आता म्हैन्याला जाते." गृहस्थ गप्प.

मला हसू आले खरे, पण टोचलेही. तिकीट निम्मे झाले तसे ह्यांनी माझे जाण्यायेण्याचे पैसेही निम्मे केले होते. (पगार मी सगळा ह्यांच्याच हातात देते, बरं का!) आणि मीही 'बरोबरच आहे' म्हणून गप्प बसले होते. माझी आई कऱ्हाडला. तिला भेटून चार महिने झाले.

रात्री मेथी निवडता निवडता म्हटले, "उद्यापासून पैसे पूर्वीइतकेच ठेवा. उरतील ते कऱ्हाडचे."

वर्तमानपत्रातून मान वर न करता हे 'बरं' म्हणाले. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय.