प्रयोगवही : वादळ गेलं, आता घरी कसं जायचं?



श्रावण सरत आला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. "डॉक्टर आहेत का?" असं कुणी विचारलं की आम्ही आधीच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर आहोत ते रसायनशास्त्राचे, ताप-खोकल्याचे नव्हे. पण या दिवसांत विचारणाऱ्याला औषध नकोच असतं. "गणपतीला निघालोय, आणि ओकिनावाच्या खाली काहीतरी फिरतंय म्हणे. जाऊ की नको?" हा खरा प्रश्न. स्वयंसेवकांच्या यादीत आमचा नंबर सगळ्यात वर छापल्याचं हे फळ! एकेकाला सांगत बसण्यापेक्षा प्रयोगवहीचं हे पानच यंदा त्या विषयाला देतो.

जपानी पंचांगात वसंतारंभापासूनचा दोनशे दहावा दिवस वादळाचा मानतात. तो येतो १ सप्टेंबरच्या आसपास. आपला भाद्रपदही त्याच सुमाराचा. म्हणजे बाप्पा आणि 'ताइफू' (ऐकताना आपलं 'तुफान'च वाटतं) यांची येण्याची वेळ एकच, आणि आपली तिकिटंही नेमकी तेव्हाचीच.

वादळाचं रसायन थोडक्यात सांगतो. समुद्राचं पाणी २६-२७ अंशांच्या वर तापलं की त्याची वाफ भराभर वर चढते, वर गेल्यावर थंडावून तिचं पुन्हा पाणी होतं, आणि होताना शाळेत शिकलेला तो अप्रकट उष्मा बाहेर टाकते. त्या उष्म्यावर ही भट्टी पेटलेली राहते. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की जपानी हवामान खातं त्याला ताइफू म्हणतं आणि वर्षाचा क्रमांक देतं. मग टीव्हीवर नकाशा येतो आणि त्यावर पांढरी वर्तुळं.

या वर्तुळांबद्दल आपल्यात मोठा गैरसमज आहे. वर्तुळ म्हणजे वादळाचा आकार नव्हे. त्या वेळी वादळाचा मध्य त्या वर्तुळात असण्याची शक्यता ७० टक्के, एवढाच त्याचा अर्थ. पाच दिवसांनंतरचं वर्तुळ मोठं दिसतं ते वादळ मोठं होणार म्हणून नव्हे, तर अंदाज कच्चा आहे म्हणून. दिवस जवळ येतात तसं वर्तुळ आवळत जातं. आणि उरलेले ३० टक्के वर्तुळाबाहेरचे, हेही विसरू नये.

एवढं सगळं ठाऊक असूनही आम्ही चुकलो. ती चूक आज लिहून काढतो.

४ सप्टेंबर २०१८ रोजी २१ क्रमांकाचं वादळ, जेबी, ओसाकावर आलं. समुद्रात भराव घालून बांधलेल्या कान्साई विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी शिरलं. वाऱ्याने वाहवलेलं एक तेलवाहू जहाज किनाऱ्याला जोडणाऱ्या पुलावर आदळलं आणि हजारो माणसं बेटावर अडकली. दुसऱ्या दिवशी त्यांना बोटींनी आणि बसने बाहेर काढलं. गणेशचतुर्थी होती १३ तारखेला. ओसाकाकडच्या आमच्या एका स्नेह्यांचं गणपतीला घरी जाणं त्या वर्षी राहिलं ते राहिलंच. त्यावरून आम्ही एक नियम काढला : वादळ मोठं असेल तर विमानतळच बंद होतो, आणि विमान उडतंय म्हणजे सगळं आलबेल आहे. एका प्रयोगावरून नियम काढू नये हे आम्ही प्रयोगशाळेत नव्या मुलांना रोज सांगतो. घरी कोण सांगणार?

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, आई-बाबा पहिल्यांदा जपानला यायला निघाले. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. कराडच्या घरी गौरी-गणपतीचं विसर्जन ७ सप्टेंबरला झालं. ८ तारखेच्या रात्री मुंबईहून निघायचं, वाटेत एकदा विमान बदलायचं आणि ९ तारखेला दुपारी चारला नारिताला उतरायचं, असा बेत. आणि १५ क्रमांकाचं वादळ, फाक्साई, टोकियोवर येणार होतं नेमकं ९ तारखेच्या पहाटे.

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. अख्खी नोकरी कराडच्या डेपोत गेली. ८ तारखेला दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, वादळ येतंय म्हणतात तुमच्याकडे."

"पहाटे येऊन सकाळी निघून जाईल, बाबा. तुमचं विमान दुपारी आहे. विमान कंपनीने रद्द केलेलं नाही."

"विमानाचं नाही विचारत मी. खाली रस्ता मोकळा असेल का?"

"बाबा, हे जपान आहे. इथे दोन तासांत सगळं सुरळीत होतं."

ते गप्प बसले. मुलगा डॉक्टर, शिवाय जपानात राहणारा. त्याच्यापुढे काय बोलणार? त्या दिवशी कंपनीने ८ आणि ९ तारखेच्या तिकिटांना फुकटात तारीख बदलून देण्याची सवलत जाहीर केली होती. ती आम्ही वाचलीही होती. तिकीट काढून देणाऱ्या एजंटाचं दुकान रविवारचं बंद असलं तरी त्याचा मोबाइल चालू होता. एक फोन पुरला असता. आम्ही तो केला नाही.

पहाटे पाचच्या सुमाराला वादळ चिबा शहराजवळ किनाऱ्याला लागलं. तिथे वाऱ्याच्या झोताचा वेग सेकंदाला ५७.५ मीटर नोंदला गेला, म्हणजे ताशी २०७ किलोमीटर. निशी-कासाईच्या आमच्या घराच्या खिडक्या रात्रभर वाजत होत्या. पण उजाडल्यावर पाहतो तर आकाश निळंभोर, कडक ऊन. आम्ही सौ.ना म्हटलं, "बघा, सांगितलं नव्हतं?"

विमान वेळेवर उतरलं. आणि तिथून पुढे काहीच हलेना. झाडं, खांब, तारा पडल्यामुळे नारिताहून शहराकडे येणारे रेल्वेचे मार्ग बंद, द्रुतगती मार्ग बंद. आजूबाजूच्या भागात ९ लाखांहून अधिक घरांची वीज गेलेली. आकाश मोकळं म्हणून विमानं मात्र एकामागून एक उतरतच होती आणि माणसं आत साचत चालली होती. त्या रात्री १३ हजारांहून अधिक माणसं नारिता विमानतळावरच झोपली. त्यातली दोन आमची.

आम्ही दुपारी घरून निघालो, फुनाबाशीपर्यंत कसेबसे पोचलो. पुढे गाडी नाही, बस नाही, टॅक्सीची रांग पाहून पोटात गोळा आला. बाबांच्या फोनचं भारतातलं कार्ड इथे चालत नव्हतं. "नंबर पाठ आहे की माझा त्यांना," असं आम्ही सौ.ना तीन वेळा सांगितलं. बाबा रात्री इन्शुलिन घेतात आणि घेतल्यावर वेळेवर पोटात काही जावं लागतं. विमानतळावर खायला काय मिळत असेल? त्यांच्याजवळ येन किती? एकही नाही, कारण आम्हीच म्हटलं होतं, "बदलून कशाला आणताय? मी आहेच बाहेर उभा." संध्याकाळी हात हलवत घरी परतलो आणि फोनसमोर बसलो.

साडेआठला फोन वाजला. नंबर अनोळखी. एका नेपाळी विद्यार्थिनीने आईला हिंदीत बोलताना ऐकलं आणि स्वतःचा फोन पुढे केला होता.

"आम्ही बरे आहोत," बाबा म्हणाले. "पाणी दिलंय, बिस्किटं दिलीत, झोपायच्या पिशव्या वाटतायत. तुझ्या आईच्या दशम्या आहेत, इंजेक्शन घेऊन जेवलोसुद्धा. तू उगाच इकडे यायला निघू नकोस. रस्ता मोकळा झाला की आम्हीच येऊ."

त्यांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते घरी पोचले. चहा झाल्यावर बाबांनी सांगितलं ते आम्ही तसंच उतरवून घेतलं आहे. "कुंभार्ली घाटात दरड पडली की चिपळूणची गाडी आम्ही डेपोतून सोडतच नसू. लोक शिव्या द्यायचे, म्हणायचे कराडात तर ऊन आहे. पण डेपोत थांबलेल्या माणसाला घरी परत जाता येतं, घाटात अडकलेल्याला नाही. आणि दरड काढली त्या दिवशीही जाऊ नये. आदल्या दिवसाच्या तुंबलेल्या गाड्या आधी सुटतात. जायचं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी."

महिन्याभरात याची परीक्षा झाली. त्यांचं परतीचं तिकीट होतं शनिवार, १२ ऑक्टोबरचं, आणि त्याच दिवशी १९ क्रमांकाचं वादळ, हागिबिस, येत होतं. बुधवारी नकाशावरचं वर्तुळ टोकियोवर बसलेलं पाहिलं आणि सवलत जाहीर होताच एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी जागा आहेत. बाबा म्हणाले, मंगळवारच्या बघ. मंगळवारच्या मिळाल्या. शुक्रवारी रेल्वेने दुसऱ्या दिवशी गाड्या बंद राहणार असल्याचं जाहीर केलं आणि टोकियोची देशांतर्गत विमानंही जवळजवळ सगळी रद्द झाली. शनिवारी आम्ही चौघं दारं लावून घरात बसलो. मंडळाचा कोजागरीचा कार्यक्रम रद्द करावा लागला, पण रविवारी आकाश निवळलं आणि आमच्या गॅलरीत आईने मसाला दूध केलं. मंगळवारी दोघं निघाले आणि दिवाळीला कराडात पोचले.

आता प्रयोगवहीतल्या नोंदी. कापून फ्रिजवर लावल्यात तरी चालेल.

१. हिशेब विमानतळ ते विमानतळ नको, उंबरठा ते उंबरठा करा. रेल्वे 'केइकाकु उनक्यू', म्हणजे आधी जाहीर करून गाड्या बंद, करणार आहे का ते आधी पाहा. टोकियोत सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत चांगलीच रुळली आहे.

२. तीन दिवस आधी निर्णय घ्या. कंपनीची सवलत जाहीर होण्याआधी तिकीट रद्द केलं तर पैसे कापले जाऊ शकतात, आणि जाहीर झाल्यावर उशीर केला तर जागा संपतात. सवलत कोणत्या तारखांना आणि कोणत्या विमानतळांना आहे, ते नीट वाचा. तिकीट एजंटाकडून घेतलं असेल तर बदलही बहुधा त्याच्याकडूनच करावा लागतो, म्हणून त्याचा घरचा नंबर हवा.

३. नवी तारीख घेताना वादळाचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस, दोन्ही सोडा.

४. दोन टप्प्यांची वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात. पण पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते. वादळाच्या महिन्यांत एकच तिकीट घ्या.

५. मधल्या गावी अडकलात तर भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडता येईल का, ते निघण्याआधी विचारून ठेवा. व्हिसा नसेल तर हॉटेल समोर दिसत असूनही रात्र बाकावर जाते.

६. हवामानामुळे विमान राहिलं तर हॉटेलचा खर्च सहसा आपल्यालाच करावा लागतो. प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या वादळाचं नुकसान बहुधा देत नाही.

७. आई-वडील येत असतील तर हातातल्या पिशवीत तीन दिवसांची औषधं आणि डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, थोडे येन, कोरडा खाऊ, आणि कागदावर (फोनमध्ये नव्हे) आपले नंबर. इन्शुलिन सामानात टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकतं.

आणखी एक. "मी अमुक यांच्या घरी निघालो आहे, मला जपानी येत नाही, कृपया या नंबरवर फोन करा" असा जपानी मजकूर आणि तुमचा पत्ता लिहिलेली कार्डं आम्ही तयार करून देतो. ज्यांच्याकडे यंदा कुणी येणार आहे त्यांनी मंडळाच्या पुढच्या सभेत नाव, पत्ता आणि दोन नंबर आणून द्यावेत. कार्डाची प्रत पाहुणे निघण्याआधी त्यांच्या हातात पडली पाहिजे, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. तुमच्याही वादळाच्या नोंदी कळवा. दोनच प्रयोगांवरून नियम काढायची आम्हाला आता भीती वाटते.