‘लेकरांकडे पाहून नांद’ म्हणणाऱ्यांना

मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या बाईची बैठक बसली की आमच्या देऊळगाव राजा भागात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. तिला सांगतात, ‘लेकरांकडे पाहून नांद.’ आणि नवऱ्याची बाजू घेत कोणीतरी म्हणतो, ‘त्याचा बापही असाच होता. लहानपणापासून तेच पाहिलं, तो तरी काय करणार?’

मैत्रिणींनो, ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. बापाची मारहाण पाहून मुलगा बिघडला हे बैठकीला मान्य आहे. आणि त्याच मारहाणीसमोर त्याच्या लेकरांना पुन्हा नेऊन बसवायलाही बैठक तयार आहे! मग ही तडजोड कोणत्या लेकरांसाठी?

पाहण्याचा परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांचे वडील आईला मारत अशा विवाहित स्त्रियांपैकी ६० टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसली होती. ज्यांची आई मार खात नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होते. पण म्हणजे पहिल्या गटातल्या ४० टक्के वाचल्या आणि दुसऱ्या गटातल्या ३० टक्के तरीही सुटल्या नाहीत. मग याला वारसा म्हणून हात झटकता येतील का?

एकाच घरात भाऊ-बहीण तेच पाहतात. पुढे भाऊ मारतो, बहीण मार खाते, हे कसे? आणि तोच भाऊ मालकापुढे, फौजदारापुढे बरोबर हात आवरतो! लहानपणी त्याने नुसता मार पाहिलेला नसतो. मारणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, हेही पाहिलेले असते. तो धडा भावकीने, शेजाऱ्यांनी आणि बैठकीने दिलेला असतो.

आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून बाईच्याच माथी दोष मारणाऱ्यांना जाब विचारला. आपण निदान बैठकीत तोंड उघडू या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण आदेश, मुलांचा तात्पुरता ताबा, खर्च मागता येतो. मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर काढण्याचा आदेशही न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. यापुढे कोणी ‘लेकरांकडे पाहून’ म्हणाले, की म्हणा : हो, लेकरांकडे पाहूनच. ती आणि लेकरे घरात राहतील, बाहेर तो जाईल!