दोन रुपये किलो

माझी आत्या हैदराबादला, काचीगुड्यात दिलेली. घरात मराठी, माहेरी आली की आमच्यासारखं अर्धं कन्नड, आणि भाजीवाल्याशी तेलुगू. राजकारणात तिला काडीचा रस नव्हता. पण एन. टी. रामारावांचं नाव निघालं की ती एकच आकडा सांगायची, 'दोन रुपये!'

हल्ली आपल्या तिन्ही राज्यांत विधानसभेची बोली घरखर्चावरच लागते. म्हणून त्या आकड्याची गोष्ट सांगावीशी वाटली.

२९ मार्च १९८२ ला हैदराबादेत तेलुगू देसम पक्ष निघाला. सिनेमातला राम-कृष्ण गाडीला 'चैतन्य रथम्' नाव देऊन गावोगाव फिरला. ५ जानेवारी १९८३ ला मतदान झालं आणि नऊ महिन्यांचा पक्ष दोनशेहून अधिक जागा घेऊन सत्तेवर बसला. (त्याच दिवशी कर्नाटकातही मतदान होतं. तिकडे रामकृष्ण हेगडे आले.) जाणकार याचं श्रेय तेलुगू स्वाभिमानाला देतात. ते खरंच आहे, पण स्वाभिमान कुकरला लावता येत नाही. दोन रुपये किलोचा तांदूळ लावता येतो. मोठमोठी भाषणं विसरलेल्या बायकांना हा दर मात्र पाठ होता.

युक्ती तशी जुनीच. १९६७ मध्ये अण्णादुराईंनी मद्रास राज्यात रुपयाला तीन मापं तांदूळ देऊ म्हटलं होतं. सत्ता मिळाल्यावर मद्रास आणि कोइमतूरपुरतं एकच माप जमलं! रामारावांनी मात्र शब्द पाळला. गरिबाच्या घरी सणालाच दिसणारा पांढरा भात रोजचा झाला, हे लहान काम नव्हे.

पण वाचकहो, सरकार महाग घेऊन स्वस्त विकतं तेव्हा मधला फरक कुठून तरी यावाच लागतो. आंध्रात त्यातला मोठा वाटा दारूतून आला. त्याच काळात सरकारी देशी दारू प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून गावोगाव पोहोचली. म्हणजे रेशनच्या पिशवीत बायकोचे जे वाचले, ते नवऱ्याच्या पिशवीत गेले.

हा हिशेब अर्थतज्ज्ञांच्या आधी नेल्लोर जिल्ह्यातल्या दूबगुंटा गावच्या बायकांनी मांडला. साक्षरता वर्गात बसणाऱ्या या बायकांनी १९९२ मध्ये गावातली दारू बंद पाडली आणि ते लोण राज्यभर गेलं. रामारावांनी वारा ओळखला. १९९४ च्या निवडणुकीत तांदूळ दोन रुपये आणि दारूबंदी अशी दोन्ही आश्वासनं दिली, पुन्हा दणदणीत जिंकले आणि १२ डिसेंबरला शपथ घेताच दारूबंदीवर सही केली. तिजोरीला हे दोन्ही एकदम पेलवलं नाही. १९९५ मध्ये जावई चंद्राबाबू खुर्चीवर आले, १९९६ मध्ये तांदूळ साडेतीन रुपयांवर गेला आणि १९९७ मध्ये दारूबंदीही उठली. मला विचाराल तर यात चूक तांदळाची नव्हती. दारूच्या पैशावर घरखर्च भागवायचा, हे गणितच मुळात वाकडं होतं.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. २०१३ मध्ये कर्नाटकात 'अन्नभाग्य' आलं, अक्की रुपया किलो. उपाशी कोणी राहिलं नाही, ते उत्तमच झालं. पण आमच्या सीमाभागातलं पोट ज्वारीचं, जोळद रोट्टीचं. रेशनचा भात रोज ताटात आला आणि भाकरी थापणारे हात कमी झाले. आता बाजारात ज्वारीचा भाव विचारून लोक पुढे सरकतात. स्वस्ताई कोणत्या धान्याची, हेही उमेदवाराला विचारायला हवं.

आता तर तांदळावर भागत नाही. २०२३ मध्ये कर्नाटकात पाच 'गॅरंटी' आल्या: दोनशे युनिटपर्यंत वीज, घरच्या लक्ष्मीला महिना दोन हजार, वगैरे. त्याच वर्षी तेलंगणाने तोच कित्ता गिरवला, गॅसची टाकी पाचशेत देऊ म्हटलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बहिणींना दीड हजार दिले. यातल्या 'शक्ती'चं मला कौतुक आहे. बसचं तिकीट वाचलं की बाई दवाखान्यात जाते, कामाला जाते, माहेरी जाते, आणि त्यासाठी कुणाकडे हात पसरत नाही. मात्र जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकात बसभाडं १५ टक्क्यांनी वाढलं. माझ्या ह्यांनी तिकीट काढताना जे तोंड केलं, ते छापण्याजोगं नाही!

गंमत अशी, की सीमेवरच्या बाईला ही स्वस्ताई सीमेपर्यंतच. कर्नाटकात आमचं तिकीट फुकट, तेलंगणात त्यांच्या बायकांचं, महाराष्ट्रात एस.टी.चं अर्धं. आणि बीदरहून हैदराबादला लग्नाला निघालो की आंतरराज्य गाडी, पूर्ण तिकीट. आहेर, मुलांचा खाऊ आणि जाण्या-येण्याचं भाडं मिळून गेल्या लग्नात महिन्याच्या किराण्याएवढा खर्च झाला. तुमच्या घरी कुणी असा हिशेब वहीत मांडला असेल तर जरूर कळवा, मराठीत किंवा कन्नडमध्ये.