विश्लेषण : रोल-प्लेइंग गेमचा नायक आजच्या शहरात का राहत नाही?

‘द गेम अवॉर्ड्स’ हे व्हिडीओ गेमच्या जगातील सर्वांत चर्चेतले पुरस्कार. ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ (२०१४), ‘द विचर ३’ (२०१५), ‘एल्डन रिंग’ (२०२२) आणि ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हे चार रोल-प्लेइंग गेम तिथे वर्षातील सर्वोत्तम गेम ठरले. चारही गेममध्ये तलवारी आहेत, जादू आहे, राक्षस आहेत. भाड्याचे घर, मेट्रो किंवा मोबाइल एकाही गेममध्ये नाही. जगातील निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहत असताना हा गेमप्रकार आजच्या शहराकडे पाठ का फिरवतो?

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय?

या गेममध्ये खेळाडू एक भूमिका स्वीकारतो. पात्राची ताकद, हुशारी, बोलण्याचे कसब आकड्यांत मोजले जाते आणि अनुभवाने वाढते. कुणाला मदत करायची, कुणाशी खोटे बोलायचे, हे खेळाडू ठरवतो आणि अनेकदा त्यानुसार कथा बदलते. याचे मूळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळात आहे. तो मध्ययुगीन लढायांच्या खेळांतून आणि अद्भुत कादंबऱ्यांच्या वाचनातून आला होता. पुढे ‘अल्टिमा’ (१९८१) आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) यांनी तोच साचा संगणक आणि टीव्हीच्या पडद्यावर नेला. किल्ला आणि तलवार ही सवय तिथूनच लागली.

शहर उभे करणे अवघड का?

कारण केवळ सवय नाही. काल्पनिक राज्यात नियम निर्माता ठरवतो. शहराचे नियम मात्र खेळाडूला आधीपासून पाठ असतात.

एक साधे उदाहरण घ्या. अशा गेममधल्या गावात नायक कुणाच्याही घरात शिरतो, कपाट उघडतो, सापडेल ते उचलतो. अनेक गेममध्ये कुणी हटकतही नाही. हेच आजच्या इमारतीत केले तर ती घरफोडी ठरते. जंगलात लांडगा मारला की नाणी मिळतात. शहरात रस्त्यावर हत्यार उपसले की पोलीस यायला हवेत. राज्याच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोहोचवणे ही तिथे मोठी मोहीम असते. मोबाइल असेल तर ते एका मेसेजचे काम.

दुसरी अडचण दारांची. जंगलातली झाडे थोडीफार बदलून पुन्हा वापरता येतात. पण दहा मजली इमारत दिसली की प्रत्येक दारामागे कुणीतरी राहत असणार, हे आपण गृहीत धरतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’मधले लॉस सँटोस हे शहर लॉस एंजेलिसच्या धर्तीवर बारकाईने उभे केलेले आहे, तरी तिथली बहुतेक दारे बंदच असतात. पाठलागाच्या खेळात ते चालून जाते. माणसांशी बोलण्यावर चालणाऱ्या खेळात तीच दारे खटकतात.

तिसरी अडचण ‘लेव्हल’ची. शेतकऱ्याचा पोर शंभर तासांत ड्रॅगन मारतो, हे आपण मान्य करतो. शहरात मात्र अनुभवी माणसालाही एकच गोळी पुरते.

मग कुणाला जमले?

ज्यांनी या अडचणींचेच नियम बनवले, त्यांना. जपानच्या ‘मदर २’ (१९९४) या गेममध्ये नायक बेसबॉलची बॅट घेऊन फिरतो. राक्षस मेल्यावर खिशात नाणी पडत नाहीत. वडील बँक खात्यात पैसे भरतात आणि मुलगा ते एटीएममधून काढतो.

लॉस एंजेलिसमध्ये घडणाऱ्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स’ने (२००४) शहर चार वस्त्यांपुरते आटोपशीर केले. नायक रक्तपिपासू असतो, पण लोकांसमोर ते उघड करायचे नाही. हा नियम वारंवार मोडला की खेळ संपतो. म्हणजे शहरातली वर्दळ हाच इथला धोका.

‘पर्सोना ५’ने (२०१६) लढाया टोकियोच्या रस्त्यांवरून काढून दुष्ट माणसांच्या मनांतल्या जगात नेल्या. तिथे खेळण्यातली बंदूकही चालते, कारण समोरचा तिला खरी समजतो. प्रत्यक्ष शहरात नायक शाळकरी मुलगाच राहतो. अभ्यास करायचा, अर्धवेळ नोकरी की मित्राला भेटायचे, हा त्याचा रोजचा पेच. वेळ कमी पडणे, हे शहराचे खरे दुखणे तिथे खेळाचा गाभा बनते.

‘याकुझा : लाइक अ ड्रॅगन’मध्ये (२०२०) १८ वर्षे तुरुंगात काढलेला नायक योकोहामात बेघर होतो. त्याचे साथीदार म्हणजे परवाना गमावलेला परिचारक, कामावरून काढलेला पोलीस आणि बार चालवणारी बाई. इतर गेममध्ये ‘योद्धा’ किंवा ‘जादूगार’ निवडतात, तसे इथे सरकारी रोजगार केंद्रात जाऊन काम बदलायचे असते.

तरीही संख्या कमी का?

ही वाट जोखमीची आहे. ‘ब्लडलाइन्स’ बनवणारी ट्रॉइका गेम्स ही कंपनी २००५ मध्ये बंद पडली. त्याचा दुसरा भाग २०१९ मध्ये जाहीर झाला, मध्येच निर्माते बदलले आणि तो २०२५ मध्ये आला. ‘सायबरपंक २०७७’ने शहर घेतले, पण भविष्यातले. ‘पर्सोना ५’चे दिग्दर्शक कात्सुरा हाशिनो यांचा २०२४चा ‘मेटाफर : रीफँटाझिओ’ तर थेट काल्पनिक राज्यात घडतो.

रोल-प्लेइंगच्या बाहेर, आपल्याकडेही हीच ओढ दिसते. पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) प्राचीन भारतात घडतो. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (२०२४) भविष्यात. मधला, आपला काळ तेवढा गळतो.

यात बिघडले काय?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’च्या २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. म्हणजे शहर पडद्यावर नाही असे नाही. ते मुख्यतः गाडी पळवण्याचे आणि गोळ्या झाडण्याचे मैदान म्हणून आहे. ‘तुम्ही असता तर काय केले असते?’ हा प्रश्न ज्या गेमप्रकाराचा प्राण आहे, तो मात्र राजवाड्यात अडकला आहे. घरमालकाशी भांडायचे की गप्प बसायचे, कर्जात बुडालेल्या मित्राला पैसे द्यायचे की नाही, साहेबाचा घोटाळा उघड करायचा की नोकरी वाचवायची, असे निर्णय आपल्याला खरोखर घ्यावे लागतात. सिंहासनावर कुणाला बसवायचे, हा प्रश्न आपल्यापुढे कधी येत नाही.

निर्माते खर्चाचे कारण देतील. पण शहर जमवलेल्या गेमनी अख्खे महानगर बांधलेले नाही. त्यांनी मोजक्या गल्ल्या घेतल्या, खेळाडूला तिथे पुन्हा पुन्हा आणले आणि ओळखीची माणसे दर वेळी थोडी बदलत नेली. एक चाळ, एक रेल्वे स्टेशन आणि एक पावसाळा एवढ्यावर असा गेम उभा राहू शकतो. त्यासाठी नकाशा मोठा नसला तरी चालेल. दारे मात्र उघडी हवीत आणि त्यामागे बोलायला माणसे हवीत.