‘फरक पडतोय’ म्हणजे नक्की किती?



ज्याचं बोलणं इतरांना नीट कळत नाही, असं एखादं तरी मूल आपल्या वर्गात असतं. माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा ‘काकू’ला ‘तातू’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणायचा. मुलं हसायची, म्हणून हळूहळू तो बोलेनासाच झाला. त्याची आई दर आठवड्याला रोजंदारी बुडवून त्याला एस.टी.ने जिल्ह्याच्या ठिकाणी स्पीच थेरपीला न्यायची. आठ महिन्यांनी मी विचारलं, "ताई, कितपत सुधारणा आहे?" त्या म्हणाल्या, "फरक पडतोय म्हणतात, सर."

किती फरक? कशात? कुणालाच सांगता येईना, कारण सुरुवातीला तो कुठे होता हेच कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

पुढे दुसऱ्या थेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी ‘क’ असलेले २० शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतले. ३ बरोबर आले. सहा आठवड्यांनी तेच शब्द पुन्हा घेतले, तेव्हा ११ बरोबर आले. पण गप्पा मारताना मात्र ‘क’चा ‘त’च होत होता. ते वहीत दिसलं, म्हणून त्यांनी सुट्या शब्दांवरून वाक्यांकडे, मग गोष्ट सांगण्याकडे सराव वळवला. मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नोंद हा थेरपीचाच भाग आहे, ते जास्तीचं कागदकाम नव्हे.

पण नुसते उच्चार मोजून भागत नाही. ब्रिटनमध्ये पॅम एंडर्बी यांनी विकसित केलेल्या ‘थेरपी आउटकम मेजर्स’ या पद्धतीत ० ते ५ या श्रेणीवर चार बाजू नोंदवतात: मूळ अडचण, रोजच्या व्यवहारातली क्षमता, चारचौघांतला सहभाग आणि मनाची स्थिती. यातला सहभाग थेरपिस्टला खोलीत बसून कसा दिसणार? तो आपल्याला दिसतो. डबा खाताना मूल मित्राला हाक मारतं का, प्रश्नाला हात वर करतं का, हे आठवड्यातून एकदा दोन ओळींत लिहायला पाच मिनिटं पुरतात.

एक सावधगिरी मात्र हवी. घरी सगळेच ‘पानी’ म्हणत असतील, तर मुलाचं ‘पानी’ हा दोष नाही, ती त्याची बोली आहे. प्रमाण मराठीच्या फूटपट्टीने मोजलं तर निरोगी मूलही ‘नापास’ ठरेल. घरची भाषा वेगळी असेल, तर ते थेरपिस्टना आधीच सांगा.

उपायांनाही पुरावा विचारायला हवा. उच्चार सुधारावेत म्हणून जिभेचे व्यायाम, फुगे फुगवणं असं बरंच सांगितलं जातं. पण त्याने उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. याउलट, लहान मुलांच्या तोतरेपणासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘लिडकोम्ब’ कार्यक्रमाचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. त्यात पालक रोज मुलाच्या तोतरेपणाला एक अंक देतात आणि त्यावरून पुढचं ठरतं. म्हणजे मोजणी साध्या आईवडिलांनाही जमते!

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून मुलांची तपासणी होते, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोषाचा समावेश आहे. पण ‘किती मुलं तपासली’ याच्या जोडीला ‘किती मुलं आता वर्गात बोलतात’ हाही आकडा विचारला गेला पाहिजे.

पालकहो, पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा:

१. आज माझं मूल नेमकं कुठे आहे?
२. तीन महिन्यांत काय जमायला हवं?
३. ते जमलं की नाही, हे आपण कसं आणि कधी तपासायचं?

विचारायला संकोच करू नका. चांगल्या थेरपिस्टला हे प्रश्न आवडतात. आणि आकडा पुढे सरकत नसेल तर मुलाला दोष देऊ नका, पद्धत बदलायला सांगा.

तो मुलगा आता चौथीत आहे. ‘क’ अजून अधूनमधून घसरतो. पण परवा मधल्या सुट्टीत मैदानाच्या त्या टोकावरून त्याने मित्राला खणखणीत हाक मारली. मी लगेच वहीत तारीख टाकली.

तुमच्या वर्गातल्या अशा मुलासाठी उद्याच एक वही सुरू करा.